तिप्पट मांसाचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नाव न घालता ‘चंद्रपूरकडचा एक निवृत्त वनरक्षक’ एवढीच सही केलीत, म्हणून काका म्हणतोय, चालवून घ्या. उत्तराला आठवडा लागला. पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते नुसतंच भांडण होतं, ते पुसून टाकलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की इथे अमेरिकेत, कोलोरॅडोत, २ सप्टेंबरला धनुष्यबाणानं शिकार करायचा हंगाम उघडतो, तेव्हा एल्क आणि म्यूल डिअर या इथल्या दोन जातींच्या हरणांतलं एकच निवडायला सांगितलं तर मी म्यूल डिअर निवडेन. त्यावर काकांचे सवाल असे. मांसासाठी शिकार करतो म्हणता, मग एल्कच्या एका जिवात तिप्पट मांस मिळत असताना हरणामागे का लागता? बाणानं जनावर जखमी होऊन रानात कुढत मरतं, त्याचं काय? शिंगांवरच्या मखमलीचं (वाढत्या शिंगांवरच्या लवदार कातडीचं) एवढं कौतुक आहे तर कॅमेरा घेऊन का जात नाही? आणि जाता जाता एक फटका: म्यूल डिअरची संख्या घटतेय असं तुम्हीच लिहिता, वर त्यांनाच मारता.

हिशोब तुमचा बरोबर आहे. एल्क म्हणजे आपल्या थोराड सांबरालाही मागे टाकेल असं जनावर. हाडं काढून मोठ्या नराचं शंभरेक किलो मांस निघतं. म्यूल डिअरचा नर आपल्या चितळाहून थोडा भारी, त्याचं तीसेक किलो. फ्रीजर भरायचा एवढाच हेतू असता, तर मी दरवर्षी एल्कची मादी मारायला हवी होती आणि तीही बंदुकीनं. ‘आम्ही मांसासाठी शिकार करतो’ हे इथल्या शिकाऱ्यांचं पाठ झालेलं वाक्य आहे. पार्टीत कुणी तिरक्या नजरेनं पाहिलं की ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. माझ्याही पडलं. मांस मी खातो, सगळं खातो, कायद्यानंही खाण्याजोगं मांस रानात टाकून येता येत नाही. पण मी डोंगर चढतो तो मांसासाठी नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट, तिला सबब म्हणालात तरी चालेल. मी बहुधा एकटा जातो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी अंगातलं जाकीट काढावं लागतं इतकं ऊन असतं आणि माश्या असतात. गाडीपासून आठ किलोमीटरवर एल्क पडला, तर एकट्या माणसाला पाठीवरून मांस आणायला चार-पाच फेऱ्या, म्हणजे दोन दिवस. तेवढ्यात मागची तंगडी हाडापाशी आंबायला लागते. म्यूल डिअर एका फेरीत येतो, फार तर दोन. शंभर किलोतलं चाळीस नासलं तर तिप्पट कसलं? पण खरं सांगायचं तर दोन मित्र बरोबर नेले की हा प्रश्न सुटतो. म्हणून यावर फार जोर देत नाही.

खरं कारण तुमच्या दुसऱ्या सवालात आहे, आणि त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल जी मी आजवर इथे लिहिलेली नाही.

एल्कची मजा म्हणजे त्याची साद. सप्टेंबरात माजावर आलेला नर खालच्या सुरात सुरू होऊन शिट्टीसारखा वर चढतो आणि शेवटी घशातून चार-पाच हुंकार टाकतो. पहाटे ती ऐकली की अंगावर काटा येतो, इथले लोक वर्षभर त्या एका आवाजासाठी जगतात. शिकारी टाळूला पातळ पडद्याची पट्टी लावून मादीचा आवाज काढतो, नर चालून येतो. चार वर्षांपूर्वी माझा एक मित्र माझ्या मागे पन्नास पावलांवर बसून असाच बोलावत होता. दाट स्प्रूसचं जंगल, संध्याकाळ, उजेड उतरलेला. नर आला तो काटक्या मोडत, थेट आमच्या दिशेनं, अठरा यार्डांवर. सगळं मिळून वीस सेकंद झाली असतील. एका झाडाआड त्याचं डोकं गेलं तेव्हा मी प्रत्यंचा ओढली आणि तो पुन्हा दिसताच बाण सोडला. तो माझ्याकडे तिरका तोंड करून उभा होता. बरगड्यांवर मारायला जागाच नव्हती, हे मला बाण सुटल्यावर कळलं. बाण खांद्यात गेला. दोनशे मीटर रक्ताचा माग मिळाला, मग रात्री पाऊस आला. दोन दिवस शोधला. नाही मिळाला. नियमाप्रमाणे उरलेल्या हंगामात मला पुन्हा जाता आलं असतं. माझा परवाना संपला असं समजून मी घरी आलो.

तेव्हा काका, जखमी जनावराबद्दल मला तुम्ही सांगायची गरज नाही. आणि बाणानं असं होत नाही, असं मी कुणालाच सांगणार नाही.

पण त्यानंतर मला कळलं की मला कुठली शिकार झेपते. एल्कची शिकार शेवटी घाईची होते. तुम्ही त्याला फसवून बोलावता, तो ठरवतो कधी आणि कुठून यायचं, आणि तुमचं रक्त कानात वाजत असताना निर्णय घ्यायचा. म्यूल डिअरला, निदान हंगामाच्या सुरुवातीला, बोलावून काही उपयोग नाही. त्यांचा माजाचा काळ नोव्हेंबरात. सप्टेंबरात थोराड नर वृक्षरेषेच्या वर, साडेअकरा-बारा हजार फुटांवरच्या उघड्या बेसिनमध्ये चार-पाचच्या टोळीनं राहतात. बेसिन म्हणजे तीन बाजूंनी कडे आणि मधे गवताची परात. (कुठली ते विचारू नका. इथे माणूस पगाराचा आकडा सांगेल, बेसिन सांगणार नाही.) समोरच्या धारेवर बसून दुर्बिणीनं पाहायचं. पहाटे चरतात, नऊ-साडेनऊला कड्याच्या सावलीत बसतात. कुठे बसले ते नक्की कळलं की मग निघायचं.

आणि सगळा खेळ वाऱ्याचा. ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढायला लागते, ऊन गेलं की खाली घसरते. म्हणून हवा नीट वर वाहू लागेपर्यंत थांबायचं, डोंगराला मागून वळसा घालायचा आणि वरून उतरायचं. माग काढताना वाऱ्याचं भान नसलेला माणूस तुम्ही खात्यात किती दिवस ठेवला असता?

गेल्या वर्षी ४ सप्टेंबरला असाच वरून उतरलो. सत्तर यार्डांवर बूट काढले, दोन-दोन लोकरी मोजे घातले आणि पुढची तीस-बत्तीस यार्डं चालायला एक तास घेतला. सुटे दगड. एक पाऊल टाकायचं, वजन देण्याआधी दगड हलतोय का पाहायचं. अडतीस यार्डांवर एका धोंड्यामागे नर बसला होता. दिसत होती फक्त शिंगं, वरची चार टोकं आणि अधूनमधून एक कान. या जनावराला खेचराचं नाव मिळालं ते या कानांमुळे. दोन्ही कान स्वतंत्र फिरतात. एक माशी हाकलतो, दुसरा त्याच वेळी मागचा डोंगर ऐकत असतो. शिंगांवरची मखमल, कोवळ्या भेंडीवर असते तशी लव, करडी-तपकिरी. डाव्या शिंगाच्या एका टोकावर ती फाटली होती आणि आतलं हाड ओलं लाल दिसत होतं. त्याच्याभोवती माश्या. आणखी चार-पाच दिवसांत त्यानं झुडपांवर घासून सगळी सोलून टाकली असती.

धोंड्याची सावली सरकली की तो जागा बदलायला उठणार, हे ठरलेलं. उठला की आडवा उभा राहतो का पाहायचं, नाही राहिला तर बाण सोडायचा नाही. चाळीस यार्डांपलीकडे तर नाहीच. बाण लावून मी अडीच तास बसलो. एवढ्या वेळात माणूस स्वतःशी दहा वेळा ठरवू शकतो, नको म्हणू शकतो. एल्कच्या त्या वीस सेकंदांत मला हे मिळालं नव्हतं.

पावणेतीनला पश्चिमेकडून ढग आला. सावली पडली, आणि अर्ध्या मिनिटात माझ्या मानेला मागून गार वाटलं. हवा फिरली होती. शिंगं जागच्या जागी थिजली. मग तो उठला तोच चारही पाय एकदम आपटत, स्प्रिंग बसवल्यासारखा, उतार उतरून गेला. बाकीचे तीन त्याच्या मागे. मी बूट शोधायला वर गेलो, कारण वीज कडाडायला लागली होती आणि त्या उंचीवर उघड्यावर थांबणं म्हणजे वेडेपणा.

आता कॅमेरा. जुलैत मी तेच नर बघायला धनुष्याशिवाय जातो, पण दीड किलोमीटरवरून, मोठ्या दुर्बिणीनं, थर्मासमधला चहा पीत. कॅमेरावाला माणूसही अडतीस यार्डांवर जाऊ शकतो, काही जातातही. मी गेलो नसतो. मारण्याची शक्यता नसती तर मी मोज्यांनिशी तासभर दगड चाचपले नसते आणि तो कान एवढा वेळ पाहिला नसता. हे लिहायला मला बरं वाटत नाही. पण तुम्ही सरळ विचारलंत.

राहिला संख्येचा मुद्दा. २०२२-२३चा हिवाळा वायव्य कोलोरॅडो आणि पश्चिम वायोमिंगमध्ये फार वाईट गेला, हरणं ढिगानं मेली आणि पुढच्या हंगामाचे परवाने कापले गेले. धनुष्यवाल्यांनी घेतलेले थोडे नर त्या मानानं किरकोळ, पिल्लं किती जगतात ते माद्यांवर आणि हिवाळ्यातल्या चराईवर ठरतं. ही चराई असते डोंगरपायथ्याला, जिथे बर्फ कमी. तिथेच रस्ते, तिथेच घरं. माझंही तिथेच आहे. दर फेब्रुवारीत एक मादी आणि तिची दोन पाडसं आमच्या अंगणात येऊन बायकोचे गुलाब खातात आणि शेजारी तक्रार करतात की हरणं फार झाली. या जनावराचं मी सगळ्यात जास्त नुकसान केलं असेल तर ते घराच्या कर्जावर सही करून केलं, बाणानं नाही. त्यावर मात्र तुम्ही काही विचारलं नाहीत!

म्यूल डिअरचा परवाना सोडतीत मिळतो, एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज करावा लागतो. यंदा माझा नंबर लागला नाही. एल्कचा परवाना इथल्या रहिवाशाला बऱ्याच भागांत थेट विकत मिळतो, तो परवाच काढला. दोन मित्र येणार आहेत, मांस वाहायला. म्हणजे तुमच्या हिशोबानं यंदा माझं बरोबर आहे. नर समोरून तोंड करून आला तर मी बाण सोडणार नाही, एवढं ठरवलंय. मिळाला तर खिम्याला सावजी मसाला लागेल, इथला भारतीय दुकानदार सावजी म्हणून जे विकतो ते नुसतं तिखट आहे. तुमच्याकडे घरी भाजतात त्यात दगडफूल किती घालतात, तेवढं कळवा.