‘गोळीचं व्यसन लागतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, मी स्वतः केमिस्ट, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या आजारांवरचा माझा लेख म्हणजे धंद्याची जाहिरात. लालबाग-परळच्या चाळींत पूर्वी असले आजार नव्हते. तुमच्या मेव्हणीबाईंना नऊ वर्षं अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी, झोप आणणारी गोळी चालू आहे, ती सुटता सुटत नाही. म्हणून लोकांनी गोळ्यांच्या नादी न लागता फिरायला जावं, विपश्यना करावी.

मेव्हणीबाईंपासून सुरुवात करतो, कारण तुमचा राग तिथला आहे आणि तो रास्त आहे. फक्त ज्या गोळीवर तो निघालाय, ती गोळी माझ्या लेखात नव्हती.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही एकाच घराण्यातली औषधं. घेतल्यावर तासाभरात छातीतली धडधड बसते, डोळा लागतो. इतक्या लवकर गुण येतो, तिथेच मेख आहे. ही दोन ते चार आठवड्यांपुरती द्यायची. पुढे शरीराला सवय होते, पाव मिलिग्रॅमने भागत नाही, अर्धा लागतो. अल्प्राझोलाम 2014 पासून एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही, प्रत्येक विक्री रजिस्टरात लिहायची. तरी संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी स्ट्रिपचा कापलेला तुकडा काउंटरवर ठेवतो. नावाचा भाग फाटलेला, चंदेरी कागदावर तीन-चार अक्षरं उरलेली. ‘हीच द्या, नेहमीची आहे.’ चिठ्ठी मागितली की तो पुढच्या दुकानात जातो, आणि तिथे त्याला मिळतेही. धंद्यातल्या माणसाने हे लिहू नये म्हणतात.

मी लिहिलं होतं ते एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी गोळ्यांबद्दल. यांचा स्वभाव उलटा. मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थपणा हे आधी, गुण नंतर. फरक जाणवायला दोन आठवडे, पुरता कळायला चार ते सहा. म्हणून कितीतरी जण दहाव्या दिवशीच ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्यायची आणि मग हळूहळू उतरवायची. एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. काहींना सोडायला बराच वेळ लागतो, हेही खरं. पण तलफ येत नाही.

जादू मात्र नाही. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये 522 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात 21 पैकी प्रत्येक नैराश्यविरोधी औषध, औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, पण सरासरी फरक माफकच. सौम्य नैराश्यात गोळीआधी समुपदेशन, हे मी लेखातही म्हटलं होतं. तुम्ही बहुधा तोवर चिडला होतात.

खरा घोळ निराळाच आहे. बाजारात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं. ‘सहा महिने घ्या’ म्हटलं की क्लोनाझेपामही सहा महिने पोटात जातं. ब्रँडच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत दोन नावं आहेत का, तेवढं बघत चला.

चाळीत हे आजार नव्हते, हे मात्र मला पटत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं, ते काही ओस पडलेलं नव्हतं. नैराश्य, चिंता तर डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी, अंगदुखीच्या तक्रारी होऊन दवाखान्यात येत होती, आजही येतात. 1982 च्या गिरणी संपानंतर कुठल्या घरात दारू वाढली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. गॅलरीत गप्पांना माणसं होती आणि त्यांचा आधार होता, कबूल. पण त्या गप्पांत कुणी ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं बोलत होतं का? आणि 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अशा आजारांचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. तेव्हा सगळेच गोळ्या खात सुटलेत, असंही म्हणता येत नाही.

चालण्याने सौम्य नैराश्यात खरोखर फायदा होतो. विपश्यनेचं म्हणाल तर शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि आजार गंभीर असेल तर येऊ नका, असं तेच सांगतात.

आता कामाचं. रागाच्या भरात मेव्हणीबाईंची गोळी उद्यापासून बंद करू नका. इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झोप पार उडते, कधी फिटसुद्धा येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीत, काही महिने लावून थोडी थोडी कमी करतात. केईएम, सायन, नायर, कुठल्याही ठिकाणच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघा. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीतही बोलतात. ओपीडीत जाताना बीपी-थायरॉइडच्या गोळ्यांसकट सगळ्या स्ट्रिप्स न कापता न्या. त्या घोरतात का, अलीकडे कधी पडल्या का, विसराळूपणा वाढलाय का, हेही सांगा. आणि झोप उडाली ती मुळात कशामुळे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी असं वाटतं की नऊ वर्षं फक्त झोपेवर औषध चाललंय. त्यामागे चिंतेचा आजार असेल तर त्यावर अजून कुणी उपचार सुरूच केलेले नाहीत.