टच मारला म्हणून फाईल जुनी होत नाही
आपल्या सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या डिझाईनवाल्यांच्या ग्रुपांवर चार दिवस झाले एक मेसेज फिरतोय, की लिनक्समध्ये (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) टच कमांड मारा, डिझाईनच्या फाईलवर पाहिजे ती जुनी तारीख टाका, मग डिझाईन आधी कुणी काढलं हा वादच मिटला, कुणाला कळत पण नाही. भावांनो, पोटावर पाय येईल असलं काही करू नका, आणि मुळात हे खरंच नाहीये.

तारीख बदलते हे अर्धंच खरंय. टच हायफन टी २०१९०३१५१०३० आणि पुढं फाईलचं नाव दिलं की यादीत १५ मार्च २०१९ दिसतं, बरोबर. पण फाईलला तारीख एकच नसते ना. शेवटी उघडून वाचली तो एटाइम, आतलं बदललं तो एमटाइम आणि फाईलची नोंद बदलली तो सीटाइम. टच पहिल्या दोघांची वेळ बदलतो, सीटाइममध्ये मात्र कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथल्या तिथं आत्ताची वेळ टाकतो. काल रात्री मी एका बुट्ट्याच्या (नक्षीच्या) बीएमपी फाईलवर, म्हणजे चित्राच्या फाईलवर, करून बघितलं आणि सगळ्या तारखा दाखवणारी स्टॅट कमांड मारली, मॉडिफायपुढं (म्हणजे एमटाइम) २०१९ आणि त्याच्याच खालच्या ओळीत चेंजपुढं (म्हणजे सीटाइम) कालची रात्र, सेकंदासकट! म्हणजे कुणाला कळत नाही हे पण गेलं.

आता सीटाइम ताजा दिसला म्हणून समोरच्याला लगेच चोर पण ठरवू नका, नुसतं फाईलचं नाव बदललं, परमिशन बदलली तरी तो बदलतो. आणि रूट पासवर्ड, म्हणजे मशीनचा सगळा ताबा, हातात असलेला माणूस मशीनचं घड्याळच मागं नेऊ शकतो. म्हणून फाईलवरची तारीख हा पुरावा कुणाच्याच बाजूनं धरू नका, डिझाईन झालं त्याच दिवशी पार्टीला मेल करा, ती तारीख सर्व्हरवर राहते, तुमच्या मशीनवरनं बदलत नाही.

त्याच मेसेजमध्ये फोटोला पण चालतं म्हणे. कॅमेऱ्यानं टाकलेली तारीख फोटोच्या आत एक्झिफ नावाच्या नोंदीत असते, टच तिथं पोचतच नाही.

आणि सगळ्यात मोठं नुकसान बॅकअपचं आहे, ते मेसेजमध्ये कुणी लिहिलंच नाही. बॅकअप घ्यायचं आरसिंक साधं चालवलं तर फाईलची साईज आणि एमटाइम एवढंच बघतं. बीएमपीत चार ठिपके इकडचे तिकडे केले तरी साईज तेवढीच राहते, त्यावर परत तीच २०१९ ची तारीख टाकली की आरसिंकला वाटतं काहीच बदललं नाही, फाईल सोडून पुढं जातं, आणि डिस्क गेली की तुमच्या हातात जुनाच बुट्टा.