यजमानही पंगतीत बसतो तेव्हा

ब्रिटनमध्ये राहायला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, नोकरी मिळेपर्यंतच्या रिकाम्या दुपारी मी चॅनेल ४ वरचा ‘कम डाइन विथ मी’ हा कार्यक्रम पाहू लागले आणि आजही तो मनापासून पाहते. २००५ च्या जानेवारीत सुरू झालेली ही हौशी स्वयंपाक्यांची स्पर्धा आहे. तिच्या मूळ रचनेत एकमेकांना अनोळखी असलेले पाच जण सोमवार ते शुक्रवार आळीपाळीने आपापल्या घरी इतर चौघांना जेवायला बोलावतात, आणि जेवून परतताना प्रत्येक पाहुणा टॅक्सीत बसून यजमानाला १० पैकी गुण देतो. ज्याचे गुण सर्वाधिक, त्याला १००० पौंड मिळतात.

त्याच वर्षी बीबीसीने ‘मास्टरशेफ’ नव्या रूपात पुन्हा सुरू केले. तिथल्या स्वयंपाकाचा दर्जा निःसंशय वरचा आहे. तरीही घरच्या स्वयंपाकाची खरी परीक्षा मला दुपारच्या या कार्यक्रमातच दिसते. याचे कारण म्हणजे इथे यजमानाला पाहुण्यांबरोबर जेवायला बसावे लागते. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण आणि शेवटचे गोड हे तिन्ही त्याने घरच्याच ओव्हनवर आणि शेगड्यांवर करायचे, मधूनमधून उठून वाढायचे आणि पुन्हा येऊन गप्पांत सामील व्हायचे. त्यामुळे कोणता पदार्थ निवडला यालाच निम्मे महत्त्व येते. मंद आचेवर तासन्‌तास शिजणारे मटण किंवा आदल्या रात्री करून ठेवलेले चीजकेक यजमानाला मोकळे ठेवते. याउलट ज्याने पाच जणांसाठी आयत्या वेळी स्टेक भाजायचे ठरवले, तो स्वयंपाकघरात अडकतो आणि बाहेर टेबलावरची बोलणी थंडावतात. पदार्थ चवीला उत्तम असूनही गुण का गेले, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच सापडते.

हे पाहताना मला आमचे सांगलीचे घर आठवते. पुरणपोळीच्या दिवशी आई तव्यापुढून हलत नसे. गरम पोळी ताटात पडली पाहिजे, हा तिचा आग्रह, आणि ती स्वतः जेवायला बसे तेव्हा पहिल्या पंगतीतले लोक वामकुक्षी आटोपून उठलेले असत. ती इथे आली असताना आम्ही दोघींनी हा कार्यक्रम एकत्र पाहिला. पाहुण्यांच्या कपड्यांकडे किंवा घराच्या सजावटीकडे तिचे लक्षच नव्हते. “ही बाईसुद्धा त्यांच्याबरोबरच बसली का गं?” एवढेच तिने विचारले, आणि मग ते जेवण संपेपर्यंत ती त्या यजमानीणबाईंकडे पाहत राहिली. तेव्हापासून घरी पाहुणे यायचे असले की मी स्वयंपाक ठरवताना आधी एकच गोष्ट पाहते: मला त्यांच्याबरोबर बसता येईल का?

म्हणूनच या कार्यक्रमातल्या दोन गोष्टी मला मनापासून खटकतात. डेव्ह लॅम्ब यांचे खोचक निवेदन हा अनेकांच्या मते त्याचा प्राण आहे. माझे मत तसे नाही. सॉस फाटला किंवा केक बसला, की ज्याला उत्तर द्यायची सोयच नाही त्याच्यावर मागाहून शेरा मारला जातो, आणि दिवसभर राबलेला माणूस हास्याचा विषय होतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या पाकसिद्धीला नावे ठेवू नयेत, असे आम्हांला घरी शिकवले होते आणि ते मला अजूनही योग्य वाटते. पाहुण्यांनी यजमानाच्या शयनगृहात शिरून कपाटे उघडणे हेही त्याच जातीचे.

दुसरी गोष्ट गुणांची. गुण देणारे चौघेही स्वतः स्पर्धक असल्याने कमी गुण देण्यात त्यांचा सरळ फायदा असतो, आणि त्यावर त्यांच्या सदसद्विवेकाखेरीज कोणताही अंकुश नाही. अन्नाचे ५ आणि आतिथ्याचे ५ असे वेगळे गुण मागितले, आणि शुक्रवारी निकालाच्या वेळी प्रत्येकाला आपल्या गुणांचे कारण सर्वांसमोर सांगायला लावले, तर पाच दिवस एकमेकांच्या घरी जेवलेल्या माणसांना हात आखडता घेणे नक्कीच जड जाईल.