'बघू की' म्हणा आणि निवांत ऱ्हावा

मागच्या रविवारी रंकाळ्यावर एक मुलगी भेटली. जिममधली ओळख, फार काही मैत्री नाही. कणीस खाता खाता तिनं हौसेनं फोन काढला, "हे बघ गं, दोन महिने झाले, अजून घरी सांगितलं नाही." फोटोत पन्हाळ्याचा तीन दरवाजा, त्याच्यापुढं काळा शर्ट, आणि काळ्या शर्टात आमचंच येडं. फोटो मीच काढलेला. केस उडतायत म्हणून दोनदा परत काढलेला.

तर या प्रसंगातून जे ज्ञान मिळालं ते स्वतःपुरतं ठेवणं बरं दिसत नाही. म्हणून नव्यानं कुणाला तरी भेटायला लागलेल्या समस्त मंडळींसाठी (मुलीपण आल्या, उगं हसू नका) हे फुकट मार्गदर्शन.

पहिलं म्हणजे नातं काय आहे ते ठरवायच्या भानगडीत पडू नका. डेटिंग ॲपवर 'काय शोधताय' म्हणून विचारतात तिथं 'अजून ठरवतोय' टाकायचं आणि तिसऱ्या महिन्यातही ठरवतच ऱ्हायचं. घाई कशाला, पंचगंगा कुठं पळून चाललीय.

समोरचीनं विचारलंच, "तू अजून कुणाला भेटतोयस का?" तर उत्तर देऊ नका, उलट विचारा, "तुझा माझ्यावर विश्वास नाही व्हय?" हमखास लागू पडतंय. अर्धा तास तीच माफी मागते. मी मागितलीय.

सगळ्यांना 'पिल्लू' म्हणा. नाव चुकायचा प्रश्न मिटला.

पहिल्या भेटीला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेऊ नका. तिथं म्हैस डोळ्यांसमोर पिळून ग्लास हातात देतात, पाणी घालायला जागाच नाही, बघणाऱ्याच्या भलत्या अपेक्षा वाढतात.

फोनचं मात्र शिकून घ्या. 2017 पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज दोन्हीकडनं पुसता येतो, 2022 ला आपण ऑनलाइन आहे हेसुद्धा लपवायची सोय आली, 2023 ला तर अख्ख्या चॅटला कुलूप लावता यायला लागलं. एवढे इंजिनिअर तुमच्यासाठी राबतायत आणि तुम्ही अजून फोन टेबलावर पालथा ठेवताय? पालथा फोन आता आमच्या आजीलाबी कळतो.

जागा वाटून घ्या. एकीला रंकाळा, दुसरीला न्यू पॅलेस, तिसरी असली तर जोतिबा. खाऊ गल्ली नको, तिथं कुणाची तरी मावशी असतेच. खरं तर हा धंदा पुण्यात चालत असेल, इथं ॲपवर अंतर 50 किलोमीटर केलं की सांगलीपाशी माणसं संपतात आणि परत तीच तोंडं दिसायला लागतात. राजारामपुरी पहिल्या गल्लीत शिंकलं तर बाराव्या गल्लीतनं "बरं नाही काय?" म्हणून फोन येतो, आणि तुम्हाला वाटतंय दोघींना एकमेकींचा पत्ता लागणार नाही.

आणि सापडलातच, तर शेवटचं अस्त्र, "आपण एक्स्क्लुझिव्ह आहे असं कुठं ठरलं होतं?"

बरोबर. नव्हतं ठरलं. ठरू दिलंस कुठं? विषय काढला की 'बघू की', परत काढला की 'बघू की, काय एवढं', पण रोज रात्री साडेअकराला 'जेवलीस का', आईला माझ्याबद्दल सांगितलंय म्हणे, माझ्या भावाबरोबर शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला मांडीला मांडी लावून बसलास, त्याच्या डब्यातलं खाल्लंस, म्हणजे वागणं सगळं ठरल्यासारखं आणि बोलणं तेवढं न ठरल्यासारखं. अरे ज्यांची मॅच बघत होतास त्या पोरांकडनं तरी शिकायचं, ती सीझनला एका संघाकडं नोंदणी करतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या तालमीकडं गेली तर पेठेच्या शिव्या खातात, पण उघड जातात. आणि मी काय करत होते? ॲप काढून टाकलं. आईनं आणलेली दोन स्थळं, एक इचलकरंजीचं, एक सांगलीचं, न बघताच नको म्हणून सांगितली. आई आठ दिवस नीट बोलली नाही, कारण ती विचारत होती का नको, आणि माझ्याकडं सांगायला काय होतं, 'बघू की'?

गंमत बघा, ज्या कांदेपोह्यांना आपण हसतो तिथं पोरगा एका रविवारी तीन मुली बघतो, तिन्ही घरांना ते माहीत असतं, कुणी मनाला लावून घेत नाही. मध्यस्थ काका पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगून टाकतात, "अजून दोन ठिकाणी बोलणं चालू आहे बरं का." कवळी लावलेल्या माणसाला जमणारं वाक्य तुम्हाला जड जातं होय.

स्टेटसला देवाचा फोटो टाका.

जाऊ दे, मला आता टिपा सुचत नाहीत. तिघींना भेट नाहीतर तेराजणींना, माझं काही म्हणणं नाही. पण विचारलं होतं. सरळ, तोंडावर, दोनदा विचारलं होतं, आणि तू माझ्या डोळ्यांत बघून मलाच संशयी ठरवलंस. हे नुसतं मन दुखायचं पण नाही रे. त्या भरवशावर माणूस जवळ येतो. मंगळवारी मी लॅबमध्ये टेस्ट करायला गेले, तिथं काउंटरला आईच्या भिशीतली बाई, "काय गं, कसली टेस्ट?" आणि एवढं करून रिपोर्ट चांगला आला तरी काही आठवड्यांनी परत करायला सांगितलीय. परत त्याच बाईसमोर. तू कुठं होतास तेव्हा?

"मी अजून एकीला भेटतोय, तुझं तू बघ." एवढंच बोलायचं होतं. मी थांबले असते नाहीतर गेले असते, पण ते मी ठरवलं असतं. तू परस्पर ठरवून मोकळा झालास.

आणि तो पन्हाळ्याचा फोटो प्रोफाइलवरनं काढ आधी. माझा आहे तो.