बिनपगारी २२ वर्षे

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, थंडर बे या शहरात राहायला आल्यापासून हिवाळ्यातल्या संध्याकाळी मला एक नाद लागला आहे. 'द नॉर्दर्न वूमन जर्नल' या नियतकालिकाचे स्कॅन करून जतन केलेले जुने अंक मी वाचत बसते. १९७३ ते १९९५ या काळात इथल्या बायकांच्या एका गटाने हे स्त्रीवादी पत्र मुख्यतः स्वयंसेवेच्या बळावर चालवले. त्याबद्दल कौतुकाने लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता माझा सूर थोडा बदलला.

आधी हा मुलूख कसा आहे ते सांगते. सुपीरियर सरोवराच्या काठचे हे शहर फोर्ट विल्यम आणि पोर्ट आर्थर यांच्या एकत्रीकरणातून १९७० मध्ये झाले. प्रांताची राजधानी टोरोंटो इथून रस्त्याने सुमारे १४०० किलोमीटर, म्हणजे प्रांताची हद्द न ओलांडता दोन दिवसांचा प्रवास. आणखी पलीकडे ड्रायडन, केनोरा, रेड लेक ही कागदगिरण्या, खाणी आणि लाकूडतोड यांवर वाढलेली गावे. जिथे अख्खे गाव एका गिरणीवर किंवा खाणीवर चालते, तिथे चांगल्या पगाराच्या नोकऱ्या पुरुषांकडे असतात; त्यामुळे मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडायचे तर बाईला बहुधा गावच सोडावे लागते, कारण तिला दुसरे काम नसते, भाड्याची दुसरी जागा नसते आणि नवऱ्याला सगळे ओळखत असतात. अशा बाईच्या हाती टपालाने येणारी चार पाने किती मोलाची असतील, हे शहरात बसून कळणे अवघड आहे.

पत्र सुरू झाले त्याच वर्षी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. मॅनिटुलिन बेटावरच्या जॅनेट कॉर्बिएर लव्हेल यांनी आदिवासी नसलेल्या पुरुषाशी लग्न केले म्हणून त्यांची आदिवासी म्हणून असलेली कायदेशीर नोंद रद्द झाली होती. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा कायम ठेवला आणि तो बदलायला १९८५ उजाडले. दुसरे प्रकरण अल्बर्टा प्रांतातल्या आयरीन मर्डॉक यांचे. नवऱ्याच्या रँचवर, म्हणजे गुरे पाळायच्या मोठ्या कुरणावर, त्या अनेक वर्षे राबल्या, गवत कापले, गुरे हाकली, तरी त्यांना मालकीचा वाटा मिळाला नाही, कारण रँचवाल्याची कोणतीही बायको एवढे करतेच, असे खालच्या न्यायालयाचे मत पडले होते आणि वरच्या न्यायालयाने ते उचलून धरले.

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. घरातल्या बिनपगारी श्रमांचा हिशेब मागणाऱ्या चळवळीची पत्रे शेवटी बायकांच्या बिनपगारी श्रमांवरच चालली, ही विसंगती आपण कौतुकाच्या भरात विसरतो. स्वयंसेवेचे मोल मी कमी करत नाही. पगार नसल्यामुळे कोणा मालकाची भीड नव्हती, आणि काम गटाने मिळून करायचे असल्यामुळे एकाच बाईचा शब्द चालत नसे. पण मजकूर टंकणे, तो कापून पानावर चिकटवणे, पत्त्यांची यादी सांभाळणे, घड्या घालून तिकिटे लावणे ही कामे नोकरी, मुले आणि स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या वेळातच होतात. ती पुढे नेणारी दुसरी बाई मिळाली नाही, तर पत्र बंद पडते.

सरकारी पैशाचाही भरवसा नव्हता. १९९० च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने देशभरातल्या महिला केंद्रांचे चालू अनुदान काढून घेतले, तीन राष्ट्रीय स्त्रीवादी नियतकालिकांचेही थांबवले. केंद्रांचे काही पैसे परत मिळाले, तेही बायका रस्त्यावर उतरल्यावर.

इथल्या भारतीयांच्या एका मंडळाचे छापील वार्तापत्र दिवाळीला निघते. गेल्या वर्षी आम्ही पाचजणी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून रात्री दीडपर्यंत घड्या घालत होतो. दाराशी ओल्या बुटांची रांग होती आणि बाहेर उणे २४. बैठकीत मी छपाई आणि टपालाच्या खर्चाबरोबर संपादनासाठी थोडे मानधन सुचवले, तेव्हा एक काका हसून म्हणाले, "अहो ताई, बायका हे हौसेने करतातच की!" मला आयरीन मर्डॉक आठवल्या, पण मी गप्प बसले. पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेवर तो विषय मी पुन्हा घातला आहे, या वेळी पाचजणींच्या सह्यांसह आणि त्या रात्रीच्या तासांच्या हिशेबासह.