मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, पाव गोळीसुद्धा नको

मांजर मलूल पडलंय, अंग गरम लागतंय, रात्रीचे अकरा वाजलेत, डॉक्टर फोन उचलत नाहीत. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "पाव गोळी पॅरासिटामॉल पाण्यात विरघळवून पाज, बाळाला देतोच की आपण." हात जोडून सांगते, असं करू नका. बाळाचं सिरपही नको.

हे औषध पचवून बाहेर टाकायला यकृतात जे एन्झाइम लागतं, ते मांजरात जवळपास नसतंच. मग त्याचं विष होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. गुलाबी हिरड्या चॉकलेटी नाहीतर निळसर दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी धडधाकट बोक्याचाही जीव घेऊ शकते. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या काही तासांत मिळायला हवा. म्हणून गोळी दिली गेली असेल तर डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. किती वाजता दिली, किती दिली ते सांगा, रिकामी स्ट्रिप सोबत न्या. आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या फंदात पडू नका, ते मीठही घातक ठरतं.

मला विचाराल तर मांजराचे प्रथमोपचार म्हणजे निम्मं काम आपले हात आवरण्याचं. तोंडातून दोरा लोंबतोय? ओढू नका, आत आतडं चिरलं जातं. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने जखम झाली, तर स्वच्छ फडकं दाबून धरा. डेटॉल ओतू नका, मांजर ते चाटणारच आणि ते त्याला विषारी आहे.

बोक्याच्या बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. तो सारखा शी-शूच्या ट्रेमधल्या मातीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो. घरचे म्हणतात, पोट साफ होत नसेल, एरंडेल द्या. आधी माती चाळून बघा. ओला गोळा सापडला नाही तर लघवी तुंबली आहे असंच धरून चाला. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते, बारीक खडे नाहीतर चिकट गाळ तिथे अडकतो. रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो, त्यामुळे इथे "सकाळी बघू" चालत नाही. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणाऱ्या मांजरालाही तसंच, त्याच मिनिटाला निघायचं.

नेताना जाड टॉवेलात गुंडाळा, पण छाती आवळू नका, आणि झाकणाच्या टोपलीत ठेवा. शांत मांजरही दुखलं की चावतं. चावलंच तर जखम साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि स्वतःही डॉक्टरकडे जा. तुमच्या गावात रात्री कोणता प्राण्यांचा दवाखाना उघडा असतो, ते आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.