लंडन-न्यूयॉर्क ३ तासात? नाही हो

लंडनहून सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला न्यूयॉर्क, म्हणजे ३ तासात पोचतं असं तिकिटाचा फोटो टाकून फिरवतायत ते चुकीचं आहे, कृपया पुढे पाठवू नका. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या लोकल असतात आणि न्यूयॉर्क बहुतेक वर्षभर ५ तास मागे, म्हणजे प्रवास झाला ८ तासांचा. अंतर साधारण साडेपाच हजार किमी, एवढं ३ तासात कापायला कॉनकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगानं जाणारं प्रवासी विमानसुद्धा कमी पडायचं, त्यालाही साडेतीनच्या आसपास लागायचे आणि ते तर २००३ लाच बंद झालं. लंडनला परत येताना मात्र खरंच तासभर वाचतो, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून ढकलतात. पृथ्वी फिरते म्हणून नाही, हवा पण तिच्यासोबतच फिरते.